टेलिफोनच्या बॅटरीचं ‘प्लस’ जमिनीला का जोडतात?



दहावीच्या विज्ञानात क्षरण एका पाठात येतं आणि विद्युतधारा दुसऱ्या. दोन्ही एकत्र शिकवायला टेलिफोन एक्सचेंजचं उदाहरण फार चांगलं. तिथली यंत्रं आणि मोबाईल टॉवरवरची बरीच उपकरणं ४८ व्होल्ट डीसीवर चालतात. २ व्होल्टचे २४ सेल एकसर जोडणीत. वीज गेली तरी बॅटरी जोडलेलीच असते, म्हणून फोन चालू राहतो. पण गंमत अशी, की या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडतात, म्हणून दुसऱ्या टोकाला ‘उणे ४८’ म्हणतात. आपल्या मोटारसायकलमध्ये ऋण टोक सांगाड्याला असतं. मग इथे उलटं का?

मुलांना आधी करून दाखवा. एका वाटीत ओली माती, त्यात चिमूटभर मीठ. तांब्याच्या दोन तारा एकमेकींना न लावता खोचा आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडा. खिडकी उघडी ठेवा. तास-दोन तासांनी प्लसची तार हिरवट-काळी पडून झिजलेली दिसेल, मायनसची बरीचशी तशीच. नियम एवढाच: जिथून प्रवाह धातू सोडून मातीत शिरतो, तिथे धातू विरघळतो.

आता आपल्या वसई-विरारकडे पाहा. एकीकडे खाडी, मिठागरं, आणि पावसाळ्यात चार-चार दिवस पाणी न ओसरणारे रस्ते. म्हणजे ती वाटीच, फक्त मोठी! अशा जमिनीतल्या तांब्याच्या केबलचं वेष्टन कुठे चिरलं आणि तार जमिनीच्या मानाने धन असली, तर ती खात जाणार. ऋण असली तर वाचते. म्हणून जुन्या अभियंत्यांनी प्लस जमिनीला दिला.

हाच नियम रेल्वेलाही लागू. बोरिवलीपुढे विरारपर्यंत विजेची लोकल १९३६ मध्ये आली, १५०० व्होल्ट डीसीवर. अशा व्यवस्थेत परतीचा प्रवाह रुळांतून जातो, थोडा मातीत झिरपतो आणि शेजारच्या लोखंडी पाइपातून बाहेर पडताना पाइप कुरतडतो. पश्चिम मार्ग २०१२ पर्यंत २५,००० व्होल्ट एसीवर गेला.

आता जोडणी. हे काम प्रशिक्षित माणसाचंच, पण कारणं मुलांना कळायला हवीत. सगळ्यात आधी यंत्राच्या सांगाड्याची अर्थची वायर जोडतात आणि काढताना ती सगळ्यात शेवटी. मधल्या काळात काही बिघडलं तर प्रवाहाला जमिनीची वाट हवी, माणसाची नव्हे. सगळ्या यंत्रांची अर्थ एकाच पट्टीवर आणतात. कोणी म्हणेल, प्रत्येकाला वेगळा खड्डा केला तर जास्त सुरक्षित. उलट आहे! वीज कोसळली की दोन खड्ड्यांत हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो फरक केबलमधून यंत्रात शिरतो.

फ्यूज किंवा ब्रेकर उणे ४८ च्या तारेत असतो आणि तो डीसीसाठीच बनवलेला लागतो. आपला एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाते. घरातला साधा एमसीबी इथे चालवून घेणं मला तरी निव्वळ बेफिकिरी वाटते.

‘४८ व्होल्टच ना, शॉक थोडाच बसतो?’ असं मुलं विचारतातच. शॉकपेक्षा भीती भाजण्याची. बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी, की पाना किंवा अंगठी दोन टोकांत अडकली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू लालबुंद होतो. म्हणून अंगठी, कडं, घड्याळ आधी काढायचं. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हेच लागू, पालकांनी लक्षात घ्यावं.

शेवटी फळ्यावर एक गणित द्या. ४८० वॅटचं यंत्र ४८ व्होल्टवर १० अँपिअर घेतं, २३० व्होल्टवर साधारण २. तारेचा रोध ०.२ ओहम धरला तर पहिल्यात २० वॅट उष्णता, दुसऱ्यात जेमतेम १. मग डीसीची तार किती जाड हवी, आणि बॅटरी यंत्राजवळच का ठेवतात, हे मुलांनाच सांगू द्या.