मोठा बास हवा, तर जागा बदला

प्रश्न : मी डॅलसजवळ राहतो. सुट्टीला लेक फोर्कवर गळ टाकतो. ल्युअरचा डबा भरून वाहतोय, पण बास मिळतात ते वीतभरच. कोणता ल्युअर घेऊ?

उत्तर : एकही नको. तुमची अडचण डब्यात नाही, जागेत आहे. तलाव तर उत्तमच निवडलात : टेक्सासचा विक्रमी, 18.18 पौंडांचा लार्जमाउथ बास 1992 मध्ये इथेच मिळाला.

लहान बास काठालगत टोळीने फिरतात. मोठा बास, म्हणजे बहुधा मादीच, उगाच दमत नाही. खोल पाणी हाताशी असेल आणि दबा धरायला आडोसा असेल, अशीच जागा ती धरते. लेक फोर्कमध्ये बुडालेली झाडं भरपूर आहेत. जुन्या ओढ्याचं पात्र जिथे वळतं, तिथली झाडं आधी धुंडाळा. त्यासाठी खोलीचा नकाशा हवा, तो नव्या ल्युअरपेक्षा कामाचा. वसंतात अंडी घालण्याआधी, पाणी साधारण 13 ते 16 अंशांवर आलं, की याच माद्या उथळ खाड्यांकडे सरकतात. वर्षातली सर्वांत चांगली संधी तीच.

झाडांत अर्ध्या औंसाचा जिग पुरे. तळाला टेकू द्या, हळूच उचला, थांबा. (थांबणंच बहुतेकांना जमत नाही.) दोरी मात्र 20 पौंडी फ्लोरोकार्बनच घ्या, बारीक दोरी फांदीवर घासून तुटते.

आणि मोजपट्टी जवळ ठेवा. इथे 16 ते 24 इंचांमधला बास पाण्यात परत सोडावा लागतो.