काठाच्या रेषा आणि पोथीचा शक

पाठचिकित्सा शिकवताना एक सवय लावणे मला फार जड जाते: साधन काय सांगते हे विचारण्याआधी त्या साधनाचेच मधल्या काळात काय झाले, हे विचारण्याची सवय. त्यासाठी अलीकडे मी वर्गात साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेतो. ते आहे अमेरिकेतील युटा प्रांतातल्या बॉनव्हिल या प्राचीन सरोवराचे.

आज तेथे ग्रेट सॉल्ट लेक हे उथळ, खारे सरोवर उरले आहे. पण भोवतालच्या डोंगरउतारांवर, आजच्या पाण्यापेक्षा अडीचशे मीटरांहून अधिक उंचीवर, लाटांनी कोरलेल्या जुन्या काठांच्या रेषा दिसतात. ज्या खोऱ्यातून पाणी बाहेर वाहत नाही, तेथे पातळी म्हणजे आवक आणि बाष्पीभवन यांचा जमाखर्च. म्हणून असे काठ जुन्या हवामानाची नोंदवही ठरतात.

मात्र ही वही सरळ वाचता येत नाही. सर्वांत वरच्या ठळक रेषेखाली शंभराहून अधिक मीटरांवर दुसरी ठळक रेषा आहे. पाऊस कमी झाला असावा, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात सुमारे १८,००० वर्षांपूर्वी उत्तरेकडील रेड रॉक खिंडीतला नैसर्गिक बांध फुटून पाणी प्रचंड लोंढ्याने निघून गेले. ते अंतर अवर्षणाचे नव्हे, महापुराचे आहे.

दुसरी अडचण भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ओळखली. एकाच पाण्याचा काठ सर्वत्र समान उंचीवर हवा. पण सरोवराच्या मध्यभागी जी बेटे होती, त्यांच्यावर तो कडेपेक्षा उंच आढळतो. हा फरक आज सुमारे ७० मीटर मानला जातो. पाण्याच्या भाराने दबलेली जमीन भार हटल्यावर वर आली, मध्यभागी सर्वाधिक, असे त्यांनी दाखवले. त्यांचा बृहद्ग्रंथ १८९० चा. पण शिक्षकांनी १८८६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे व्याख्यान वाचावे. याच काठांच्या उदाहरणाने त्यात अनेक तर्क शेजारी शेजारी मांडून तपासण्याची रीत शिकवली आहे.

तिसरी अडचण कालनिर्णयाची. काठावरच्या गोगलगायींच्या शंखांचे वय किरणोत्सारी कार्बनावरून काढतात. पण पाण्यात प्राचीन चुनखडीतला कार्बन विरघळलेला असेल, तर तो शंखात उतरतो आणि शंख खऱ्या वयापेक्षा जुना भासतो.

येथे मला माझाच प्रमाद आठवतो. प्रबंधाच्या काळात एका पोथीच्या पुष्पिकेतला शक मी त्या पोथीचाच मानला आणि त्यावर एक संपूर्ण प्रकरण उभारले. पुढे कागद आणि अक्षरवळण पाहता लक्षात आले, की नकलकाराने समोरच्या मूळ प्रतीतला शक जसाच्या तसा उतरवून घेतला होता. शंखातल्या जुन्या कार्बनासारखाच तो उसना शक. मी ते प्रकरण नव्याने लिहिले.

विद्यार्थ्यांना आता मी हातातल्या प्रत्येक साधनाविषयी तीन प्रश्न लिहून आणायला सांगतो. ही खूण कशामुळे उमटली? उमटल्यानंतर ती जागची हलली का? तिच्यावरचा काळ तिचाच आहे, की उसना? उत्तरे मिळाल्यावरच पाठाकडे वळावे.