आंकड्यांच्या पेठा : निगडी प्राधिकरणाचें पूर्ववृत्त

पुण्याच्या पेठांचीं नांवें ऐकतांच त्यांचा इतिहास अर्धाअधिक कळतो. शनिवार, सोमवार हीं वारांचीं नांवें. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या व नाना पेठ नाना फडणविसांच्या नांवाची. परंतु निगडीच्या प्राधिकरणांत पाहावें तों पेठ क्रमांक २५, पेठ क्रमांक २६, आणि २७ च्या जोडीस २७ 'अ' देखील! वाचकहो, जिला नांवाऐवजीं आंकडा मिळाला त्या वस्तीस इतिहास नाहीं, असा आमच्या विद्यार्थ्यांचा ग्रह होऊं नये, म्हणून हा लेख.

निगडी व आकुर्डी हीं पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या रस्त्यावरचीं शेतकऱ्यांचीं खेडीं. खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजीं सुरू झाला. आगगाडी शेतांजवळून धांवूं लागली, तरी नांगर पुष्कळ काळ चालतच राहिला. लोहमार्गाहून पालखीची वहिवाट जुनी. १६८५ सालीं तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं देहूहून पंढरपूरचा पालखीसोहळा सुरू केला. आजहि ज्येष्ठ वद्यांत देहू सोडल्यावर पालखी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरीं मुक्काम करते व नंतर पुण्यास जाते.

पालट घडविला तो कारखान्यांनीं. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिन तयार करणारा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि त्याच दशकांत आकुर्डीस बजाज व पिंपरीस टेल्को हे मोठे कारखाने आले. गांवोगांवचे तरुण कामास आले. त्यांनीं राहावें कोठें? ४ मार्च १९७० रोजीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली. पुढें १४ मार्च १९७२ रोजीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. कामगारांस माफक दरांत घरें मिळावीं, हा त्याचा मूळ हेतु. आराखड्यांत ४२ पेठा आंखल्या गेल्या. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, बागांसाठीं मोकळ्या जागा.

निगडीच्या या पेठांतून आज हिंडतांना सावलीचें सुख वाटतें खरें, परंतु दुतर्फा बंगले पाहून प्रश्न पडतो कीं, ज्याच्यासाठीं ही आंखणी झाली तो यंत्रावरचा मजूर येथें किती ठिकाणीं राहिला? त्याची खूण जवळच पेठ क्रमांक २२ मध्यें सांपडते. त्या भागास लोक 'ओटा स्कीम' म्हणतात. ओटा म्हणजे जोतें. गरिबास जोतें द्यावें आणि वरचें घर त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें उभारावें, ही त्यामागील कल्पना. आंकड्यावर मात करून लोकांच्या तोंडीं बसलेलें हें नांव आम्हांस फार बोलकें वाटतें.

दुसरी बाजू शेतकऱ्यांची. कामगारांच्या घरांसाठीं ज्यांचीं शेतें गेलीं, त्यांस विकसित जमिनीचा शेंकडा साडेबारा भाग परत मिळावा, ही मागणी उभी राहिली. आरंभींच्या वर्षांत, म्हणजे १९७२ ते १९८३ च्या दरम्यान, ज्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांस या परताव्यासाठीं दशकानुदशकें झगडावें लागलें. जमीन देणारा म्हातारा झाला, नातू अर्ज करूं लागला. २०२१ सालीं प्राधिकरणच विसर्जित होऊन त्याचा कारभार महानगरपालिका व पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांजकडे वांटला गेला. परंतु लोकांच्या बोलण्यांत वस्तीचें नांव 'प्राधिकरण' तें प्राधिकरणच.

आसपासचीं स्थळें थोडक्यांत सांगतों. दुर्गा टेकडीवर झाडी व देवीचें मंदिर आहे. महामार्गालगत भक्ति-शक्ति शिल्पांत शिवाजीमहाराज व तुकाराममहाराज यांची भेट दाखविली असून, तेथेंच २०१८ सालीं १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला. पलीकडे देहूरोड येथें डॉ. आंबेडकर यांनीं २५ डिसेंबर १९५४ रोजीं बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली.

या परिसरांतील विद्यार्थ्यांस एक काम सुचवितों. सातबाराच्या उताऱ्यांत 'शेताचें स्थानिक नांव' असा एक रकाना असतो. निगडी-आकुर्डीच्या एखाद्या जुन्या घरीं असा उतारा जपलेला असल्यास तो रकाना पाहावा, कोरा असल्यास घरांतील वडीलधाऱ्यांस विचारावें, आणि आपली शाळा, मैदान अथवा घर ज्या शेतावर उभें आहे त्याचें नांव पेठेच्या क्रमांकाशेजारीं वहींत लिहून ठेवावें.