होडीचा तळ

आपली होडी महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात असते. वरचे अंग आपल्याला रोज दिसते. तिचे दुखणे मात्र पाण्याखाली असते.

तळाला आधी शेवाळ धरते. मग पांढरी, खडबडीत कवचे चिकटतात. पायाला लागली तर रक्त काढतात. अशी होडी जड होते. वारा तोच, शीड तेच, पण होडी पुढे सरत नाही. वल्ही मारणाऱ्याचे खांदे भरून येतात. यंत्राची होडी असेल तर तेल जास्त जळते.

दुसरा शत्रू लाकूड पोखरणारा किडा. दिसायला तो अळीसारखा, पण जात शिंपल्याची. लहानपणी तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतच वाढतो. बाहेरून फळी धड दिसते, आत चाळण झालेली असते. कोलंबस हा मोठा दर्यावर्दी. पण याच किड्याने त्याची जहाजे खाल्ली आणि १५०३ साली त्याला जमैका बेटावर अडकून पडावे लागले. मग आपल्या होडीची काय कथा!

हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. विजयदुर्गाजवळ, वाघोटणच्या खाडीत गिर्ये गावी, मराठी आरमाराची गोदी आहे. खडक फोडून केलेली, तीनशे फुटांहून लांब. लढाऊ जहाजे दुरुस्तीला तिथे घेत. जमले तर एकदा जाऊन बघा.

आता आपले काम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. शिडाच्या आणि वल्ह्यांच्या होड्याही पावसाळ्यात वर ओढतात. उधाणाच्या भरतीला होडी वर घ्यावी, म्हणजे ओढ कमी पडते. वर घेतली की त्याच दिवशी तळ खरवडा. कवचे ओली असतात तोवर सुटतात. वाळली की दगड होतात. मग गोड्या पाण्याने धुवा. होडी बरेच दिवस पाण्याबाहेर राहिली की आतला किडाही मरतो.

खरवडून झाले की फळी वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर खिळ्याचे टोक टोचा. टोक लोण्यात गेल्यासारखे गेले तर ती फळी गेली. तिच्यावर रंग फासू नका, सुताराला बोलवा. तळाचा मुख्य वासा म्हणजे पठाण. तो विशेष नीट बघावा. फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरावा. होडीवर झाप घालावेत. ऊन लागले तर फळ्या तडकतात, आणि पावसाचे गोडे पाणी आत साचले तर लाकूड कुजते.

आता सांगतो ते बायामाणसांनीही ऐकावे. जुना रंग विषारी असतो. जुन्या तांबड्या रंगात शेंदूर असे, म्हणजे शिसेच. तळाच्या रंगात तांबे असते. त्यानेच शेवाळ अन् कवचे धरत नाहीत. शिशाची धूळ लहान पोरांच्या पोटात गेली तर मेंदूला इजा होते आणि ती भरून येत नाही. घरगुती रंगातल्या शिशावर सरकारने २०१७ पासून कडक मर्यादा घातली आहे. पण ती घरगुती रंगापुरती. होडीवरच्या जुन्या थरांना ती कुठली? म्हणून रंग कोरडा घासू नये, ओला करून घासावा. जाळून तर काढूच नये. नाकातोंडाला फडके बांधा. पोरे दूर ठेवा. खाली ताडपत्री अंथरा. पडलेला चुरा वाळूत किंवा खाडीत टाकू नका, तिथेच आपली कालवे असतात. पोत्यात भरून तोंड बांधा आणि पंचायतीकडे विचारून द्या. हात धुतल्याशिवाय तंबाखूला हात लावू नका.

रंग लावायचा तो तळ पुरता सुकल्यावर, उघडीप बघून. डबा ढवळावा, कारण तांबे खाली बसते. डब्यावरचे वाचा. इंग्रजी असेल तर शाळेतल्या पोराला वाचायला सांगा. किती तासांनी दुसरा हात द्यायचा, किती दिवसांच्या आत होडी पाण्यात घालायची, हे तिथे लिहिलेले असते.

किती रंग लागेल, तोही हिशेब करू. होडी ७ मीटर लांब. पाण्याखालचा घेर सरासरी २ मीटर. ७ गुणिले २ म्हणजे १४ चौरस मीटर. डब्यावर लिहिले आहे, १ लिटरात ७ चौरस मीटर. एका हाताला २ लिटर, दोन हातांना ४ लिटर. दुकानदार ६ म्हणाला तर हा कागद त्याच्यापुढे ठेवा.