मुलांसाठी पहिला चांगला हेडफोन : पाचशे ते पंधराशेत काय बघायचं?



पालक सभेत आता एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पोरीले हेडफोन घ्या लागते, कोनता घेऊ?" २०२० मध्ये शाळा बंद होत्या आणि 'शाळा बंद पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला मोबाईलवर येऊ लागली, तेव्हापासून हा प्रश्न सुरू झाला. शाळा उघडल्या तरी तो थांबला नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर पाठ उघडतो, कविता ऐकता येते. शिष्यवृत्तीची आणि नवोदयची तयारी करणारी मुलं रोज व्हिडिओ बघतात. घर दोन खोल्यांचं, एका खोलीत टीव्ही सुरू. मग हेडफोन लागतोच.

पण आपण तो घेतो कसा? बाजाराच्या दिवशी शंभर-दीडशेचा एक उचलायचा. दोन-तीन महिन्यांत त्याचा एक कान बंद पडतो, मग पुन्हा दुसरा. वर्षात असे चार झाले की सहाशे रुपये गेलेच, आणि त्या चारांतल्या एकातूनही शब्द नीट ऐकू आलेला नसतो. सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर एकदाच पाचशे ते पंधराशे घालायचे असतील, तर ते कशावर घालायचे, यासाठी आजचा लेख.

'चांगला' म्हणजे नेमकं काय?

दुकानात "याचा बेस लय भारी आहे" असं सांगतात. मुलांसाठी माझी व्याख्या वेगळी आहे. ज्या हेडफोनमध्ये आवाज अर्ध्यावर ठेवूनही मुलाला प्रत्येक शब्द स्पष्ट कळतो, तो चांगला. बाकी सगळं यानंतर.

याचं कारण कानात आहे. आपल्या आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. खरचटलेली कातडी भरून येते, हे येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून सुरक्षित ऐकण्याचं मानक केलं आहे. त्यात मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा धरली आहे. पुढचा हिशोब महत्त्वाचा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ऐकण्याचा वेळ निम्मा करावा लागतो. ७५ ला ४० तास, ७८ ला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला ५ तास. असं निम्मं निम्मं करत ९६ डेसिबलपर्यंत गेलात तर आठवड्याला १९ मिनिटंसुद्धा उरत नाहीत. पाचवीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्या. निम्मे करण्याचा सराव होतो आणि शेवटचं उत्तर आलं की मुलं आपोआप गप्प होतात.

मुलं आवाज वाढवतात ती हौसेने कमी, नाइलाजाने जास्त. आपल्या विदर्भात मार्च ते जून घरात कूलर असतो. पंखा, कूलर, बाहेर पिठाची गिरणी, आणि कानात ढिला बसणारा स्वस्त इअरफोन. या सगळ्यावर मात करायची म्हणून पोरगं आवाज शेवटापर्यंत नेतं. म्हणून हेडफोन घेण्याआधीचा पहिला उपाय फुकटचा आहे. अभ्यासाला बसायची जागा कूलरपासून लांब, शक्य तर दुसऱ्या खोलीत करा.

ळ, ण, श आणि हेडफोनचा बेस

हा भाग मला भाषा शिकवताना सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपली वऱ्हाडी घरची बोली. तिच्यात 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया' होतो, 'पाणी'चं 'पानी' होतं. ते चूक नाही, ती आपली बोलायची रीत आहे. पण पाठ्यपुस्तकातलं लिहिताना मुलाला 'ळ' आणि 'य', 'ण' आणि 'न' वेगळे ऐकू यावे लागतात. जे कानाला वेगळं वाटत नाही, ते वहीत वेगळं उतरत नाही. इंग्रजी उच्चारांचंही तेच.

आता यात हेडफोनचा काय संबंध? बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे खालच्या पट्टीत जोरकस असतात. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा फुसफुसणारा भाग बराच वर, साधारण २००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि तो मुळातच नाजूक असतो. बेस फुगवलेल्या हेडफोनमध्ये खालचा आवाज वरच्या नाजूक आवाजाला झाकून टाकतो. गाणं दणदणीत वाटतं, पण 'सर' की 'शर' ते कळत नाही. मग मूल काय करतं? आवाज वाढवतं. आणि सतत मोठ्या आवाजाने कानाचं नुकसान सुरू होतं ते बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जिथे ही व्यंजनं राहतात तिथेच. अशा मुलाला हाक ऐकू येते, पण शब्द अर्धवट कळतो. वर्गात आपण म्हणतो, "लक्ष कुठे आहे तुझं?"

म्हणून दुकानात गाणं लावून हेडफोन तपासू नका. आदल्या दिवशी घरी शांत वेळी मोबाईलवर स्वतःच्या आवाजात शब्दांच्या जोड्या रेकॉर्ड करा : बात-भात, दार-धार, ताट-थाट, सर-शर, काळा-काया, पाणी-पानी. क्रम उलटसुलट करा. दुकानात फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून मुलाला ऐकवा आणि ऐकलेला शब्द म्हणायला सांगा. आधी वीसपैकी किती बरोबर येतात ते तुम्ही स्वतः, कानाला काही न लावता, समोरासमोर बोलून बघून ठेवा. हेडफोनमधून त्याच्या जवळपास आले तर तो हेडफोन कामाचा. फारच कमी आले तर डब्यावर कितीही मोठं नाव असो, परत ठेवा. चिखली, खामगाव, बुलढाणा इथल्या बऱ्याच मोबाईल दुकानांत मागितलं तर एखादा उघडा नमुना लावून बघू देतात. थोडं विचारावं लागतं इतकंच.

कानात, कानावर की कानाभोवती?

कानात घालायचा इअरफोन बाहेरचा आवाज चांगला अडवतो, पण रबरी बोंड कानाच्या मापाचं असेल तरच. लहान मुलांच्या कानाची नळी अरुंद असते. डब्यातलं सगळ्यात लहान बोंडही पुष्कळदा मोठं पडतं, टोचतं, आणि मळ आत ढकलला जातो. प्राथमिकच्या मुलांना मी हा प्रकार सुचवत नाही.

कानाभोवती पूर्ण बसणारा मोठा हेडफोन ऐकायला उत्तम, पण आपल्या उन्हाळ्यात अर्ध्या तासात कान घामेजतात. आणि या बजेटमध्ये त्याची बांधणी अनेकदा कच्ची असते. उरला कानावर टेकणारा, हलका, वायरचा. पहिल्या हेडफोनसाठी माझं मत त्यालाच. अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देते. सोनीचा एमडीआर-झेडएक्स११० हा बरीच वर्षं बाजारात असलेला साधा हेडफोन आहे. घडी होतो, वायर १.२ मीटर, ड्रायव्हर ३० मिलिमीटरचा, २४ ओहम, ९८ डेसिबल. माइकवाला हवा असेल तर त्याचा एपी लिहिलेला प्रकार येतो. हाच घ्या असं नाही, पण दुसरा कोणताही बघताना याच्याशी ताडून बघता येतं.

हे आकडे काय सांगतात? ओहम म्हणजे हेडफोनचा विरोध. १६ ते ३२ ओहमचा साध्या मोबाईलवर व्यवस्थित चालतो. स्टुडिओतले २५० ओहमचे मोबाईलवर बारीक वाजतात, ते आपल्यासाठी नाहीत. ९८ डेसिबल म्हणजे एका मिलिवॅटला तो इतका आवाज देतो. वरचा हिशोब आठवा, म्हणजे कळेल की साधा मोबाईलसुद्धा कानाची मर्यादा सहज ओलांडू शकतो. '२० ते २०,००० हर्ट्झ' हे जवळजवळ प्रत्येक डब्यावर असतं, त्यावरून निवड करता येत नाही. ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा म्हणून ३० पेक्षा चांगला, हेही खरं नाही.

ब्लूटूथचं आकर्षण मुलांना फार. पण चार्जिंग लागतं, लाइट गेली की पंचाईत. एक कळी हरवली की जोडी बाद. बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. शिवाय साध्या ब्लूटूथमध्ये माइक सुरू झाला की ऐकण्याचा दर्जा उतरतो, ऑनलाइन तासाला नेमकं तेच नको असतं. तरीही घ्यायचाच असेल तर डब्यावर बीआयएसचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा आणि बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासा.

पिन बघून घ्या

गोल पिनवर काळी वर्तुळं मोजा. दोन असतील तर फक्त ऐकायचा, तीन असतील तर माइकसह. शाळेतल्या जुन्या संगणकाला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी छिद्रं असतात. तिथे तीन वर्तुळांच्या पिनचा माइक चालत नाही, मध्ये एक छोटी दोन-फाटी वायर लागते. संगणक कक्षासाठी घेणाऱ्या शिक्षकांनी हे आधीच बघावं. नवीन फोनला गोल छिद्र नसेल तर टाइप-सीचा घ्यावा लागेल. तो सगळ्याच फोनवर चालतो असं नाही, म्हणून घरातला तोच फोन दुकानात घेऊन जा.

घेतल्यानंतर

पहिल्याच दिवशी फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावून टाका. सॅमसंगमध्ये 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट' आहे, त्याला पिन ठेवता येतो. आयफोनमध्ये 'हेडफोन सेफ्टी'त डेसिबलच निवडता येतात. इतर फोनमध्ये सोय नसेल तर आवाजाच्या पट्टीवर ६० टक्क्यांच्या पुढे जायचं नाही आणि तासाभराने कान मोकळे करायचे, हा घरचा नियम ठेवा. हाताच्या अंतरावर उभं राहून नेहमीच्या आवाजात मुलाला हाक मारा. ऐकू गेली नाही तर आवाज जास्त आहे.

वेळेचं म्हणाल तर जुलै २०२० मध्ये केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती. ती ऑनलाइन वर्गासाठी होती, पण घरी हेडफोन किती वेळ, याला मी आजही तेच माप लावते. गोष्ट किंवा कविता असेल तर हेडफोन काढून स्पीकरवर लावा. आजीही ऐकते, भावंडंही ऐकतात.

शाळेत एका टॅबवर चार मुलं असतील तर प्रत्येकाला वेगळा हेडफोन आणि एक स्प्लिटर पुरतो. आवाज थोडा कमी होतो, ते चांगलंच आहे. मुलं बदलताना कानाच्या गाद्या स्पिरिटच्या ओलसर फडक्याने पुसा. कान फुटलेल्या मुलाला हेडफोन देऊ नका, आधी डॉक्टरकडे पाठवा.

वायर तुटते ती बहुतेक पिनपाशीच, कारण मुलं वायर धरून ओढतात. पिन धरून काढायला शिकवा. वायर मोबाईलभोवती करकचून न गुंडाळता चार बोटांभोवती सैल गुंडाळून ठेवायची. दुकानातून पक्कं बिल घ्या आणि डबा वर्षभर माळ्यावर राहू द्या, वॉरंटीच्या वेळी दोन्ही मागतात.