दुष्काळ आणि डोंगरपायथ्याची माती

दुष्काळफंडास द्रव्य देणाऱ्या गृहस्थांचा पहिला प्रश्न, धान्य किती वांटलें, हा असतो. आणि तो रास्तच आहे. परंतु दुष्काळाचें कारण केवळ आभाळांत शोधून भागत नाहीं. जो पाऊस पडला तो कोठें गेला, हेंही पाहिलें पाहिजे. परतवाड्याच्या व्यापारी व जमीनदार मंडळींस तर हा विचार विशेषच लागू आहे.

आपलें गांव गाविलगडच्या डोंगरांच्या अगदीं पायथ्याशीं वसलें आहे. वर मेळघाटचें अरण्य, खालीं पूर्णेचें खोरें. सापन, बिच्छन इत्यादि नद्यांनीं डोंगरांतून आणून टाकलेल्या गोट्यांचा व वाळूचा एक पट्टा सातपुड्याच्या कडेनें अचलपूर, अंजनगांव, अकोट असा पसरला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्यास बझाडा म्हणतात. येथें पाणी खोल मुरतें, व विहिरी आणि संत्र्याच्या बागा त्यावर जगतात. दक्षिणेस पूर्णेच्या दोहों बाजूंस मात्र खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारें ४,७०० चौरस किलोमीटर मुलखांत विहिरीचें पाणी खारट निघतें. म्हणजे गोड्या पाण्याचें कोठार आपल्या हातीं आहे, आणि तें भरावें कीं रितें करावें हें आपल्या वहिवाटीवर अवलंबून आहे.

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा स्वभाव विलक्षण आहे. उन्हाळ्यांत ती भेगाळते, व पहिला पाऊस त्या भेगांतून सहज आंत शिरतो. एकदां भिजून फुगली कीं भेगा मिटतात, आणि पाणी घेण्याचा तिचा वेग फार मंदावतो. मग श्रावणांतली जोराची सर मुरत नाहीं. ती वरची कसदार माती घेऊन नाल्यास मिळते. तिफण उताराच्या दिशेनें चालविली असेल, तर प्रत्येक तास हा एक लहानसा पाटच होतो. इंचभर माती बनण्यास शेंकडों वर्षें लागतात. ती जाण्यास दोनचार पावसाळे पुरतात.

उपाय साधे आहेत. पेरणी उताराला आडवी करावी, धुरा वखरून पिकाखालीं न घेतां त्यावर गवत राखावें, सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरून बाजूच्या सरींत पाणी थोपवावें, नाल्याचा कांठ नांगरू नये. हें शेतकऱ्यास ठाऊक नाहीं असें नाहीं. मग तो करीत कां नाहीं? आमच्या मतें याचें उत्तर कृषिशास्त्रापेक्षां कराराच्या कागदांत, किंवा कागद नसण्यांत, अधिक सांपडतें. १९५८ च्या विदर्भ कुळवहिवाट कायद्यान्वयें कुळाचा हक्क लागेल या भयानें पुष्कळ धनी मक्ता तोंडीच ठरवितात, आणि वर्ष संपतांच मक्तेदार बदलतात. ज्यास पुढील वर्षीं तें वावर दिसावयाचें नाहीं, त्यानें पदरमोड करून बांध कां घालावा? त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. बांधबंदिस्तीचा खर्च धन्यानें सोसावा. मक्तेदारानें अंगमेहनतीनें केली, तर तितकी सूट मक्त्यांत द्यावी.

१८९९-१९०० च्या महादुष्काळाच्या काळांत सरकारी मदत म्हणजे बहुधा खडी फोडणें व सडका बांधणें. मजुरी मिळाली, कांहीं जीव वांचले. शेत होतें तसेंच राहिलें. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत मजुरीच्या कामांपैकीं पुष्कळ शेताकडे वळलीं, व पाझर तलाव, नालाबांध, शेतबांध झाले. त्यांतील कित्येक पुढें देखभालीवांचून फुटले, कारण काम सरकारचें आणि शेत दुसऱ्याचें.

म्हणून दात्यांस आमची सूचना अशी कीं, आपल्या द्रव्यांतील कांहीं भाग मजुरीच्या रूपानें बांधांवर खर्च व्हावा. मात्र ज्याच्या शेतांत बांध घालावयाचा, त्या धन्याकडून पांच वर्षें तो राखण्याची व धुऱ्यावरील गवत न मोडण्याची लेखी हमी आधीं घ्यावी. तिचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊं. कामें मृगापूर्वीं पुरीं झालीं पाहिजेत. ओल्या काळ्या जमिनींत मातीकाम होत नाहीं.