मेळघाटात मुक्काम

मुलांनो, सुट्टीत नागपूरहून घरच्या गाडीने जंगलात मुक्कामाला जायचे आहे का? मग मेळघाटचा नकाशा उघडा. अनेक घाटांचा जिथे मेळ होतो, तो मेळघाट. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातील पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातले हे एकच होते.

वाट अमरावती, परतवाडा, सेमाडोह, कोलकास अशी आहे. परतवाड्याला पेट्रोल भरायची आठवण वडिलांना करा. जादा चाकातली हवाही पाहा. पुढे घाटात गाडी बंद पडली, तर मिस्त्री कुठून आणणार? फोनही लागेलच असे नाही. म्हणून केव्हा पोहोचणार ते घरी सांगून निघा. पिण्याचे पाणी भरपूर घ्या आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचा.

तंबू मात्र मनाला येईल तिथे ठोकता येत नाही. वनखात्याच्या निवासात आधी जागा राखून ठेवावी लागते. कोलकासचा बंगला सिपना नदीकाठी आहे. मला विचाराल तर तिथेच उतरा.

वाटेत गव्यांचा कळप आडवा आला तर? गाडी दूरच थांबवा. भोंगा वाजवू नका, खाली उतरू नका. कळपात वासरू असेल, तर गवा अंगावर येऊ शकतो. शेवटचा गवा झाडीत शिरला, की गाडी हळूच पुढे न्या.